नागपुरात राहून कॉर्पोरेट लॉचा अनुभव: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज कधी, कुणाकडे करायचा

कॉर्पोरेट लॉ, म्हणजे कंपन्यांशी संबंधित कायद्याचं काम, करायचं तर मुंबई गाठावी लागते, ही समजूत नागपूरच्या विधी विद्यार्थ्यांमध्ये पक्की आहे. पुढच्या नोकरीपुरतं त्यात तथ्य आहेच. कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाचं पीठ नागपुरात नाही, विदर्भातल्या कंपन्यांची प्रकरणंही मुंबईलाच जातात. पण शिकतानाच्या अनुभवासाठी शहर सोडायची गरज नाही. मॉईल आणि वेस्टर्न कोलफिल्ड्स या दोन सरकारी कंपन्यांची मुख्यालयं इथे आहेत, सोलर इंडस्ट्रीजसारखी शेअर बाजारात नोंदलेली खासगी कंपनी इथली आहे, शिवाय हिंगणा आणि बुटीबोरीचे कारखाने. या सगळ्यांना करार, कामगार कायदा, वसुली आणि कंपनी कायद्याची कामं रोज असतात.

आधी आठवड्यांचा हिशेब

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 20 आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ ती करता येत नाही. त्यामुळे कुणी दोन महिन्यांची सलग संधी देऊ केली, तर त्यातले किती आठवडे धरले जातील हे कॉलेजला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

लॉ फर्म, कंपन्या, नियामक संस्था, न्यायालयं, स्वयंसेवी संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था या सगळ्या ठिकाणचा अनुभव नियमात बसतो. स्वतंत्र प्रॅक्टिस करणाऱ्या कंपनी सेक्रेटरीकडे (कंपनी कायद्याचं पालन सांभाळणारा व्यावसायिक) जायचं असेल तर मात्र रुजू होण्याआधी कॉलेजची मंजुरी घ्या, कारण नियमात त्यांचा वेगळा उल्लेख नाही.

आणखी एक अट कॉर्पोरेटच्या नादात विसरली जाते. संपूर्ण शिक्षणात एकदा तरी खालच्या न्यायालयात आणि अपिलात काम करणाऱ्या वकिलांकडे अनुभव घ्यावाच लागतो. नागपुरात हे सोपं आहे. जिल्हा न्यायालय आणि उच्च न्यायालयाचं खंडपीठ, दोन्ही सिव्हिल लाइन्समध्येच आहेत. वकील निवडताना व्यावसायिक वाद, धनादेश न वटल्याची प्रकरणं किंवा लवादाची कामं चालवणारे निवडा, म्हणजे हे आठवडेही तुमच्याच दिशेने जातील.

मे महिना कोर्टाचा नाही, कंपनीचा

प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी लागते, म्हणून इंटर्नशिप सुट्टीतच बसवावी लागते. बहुतेक जण उन्हाळ्यात वकिलांच्या चेंबरकडे धाव घेतात. पण मे महिन्यात न्यायालयांनाही सुट्टी असते. महिनाभर बसून मोजक्याच सुनावण्या पाहायला मिळतात.

कंपनीत नेमकं उलटं असतं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला आर्थिक वर्ष संपल्यापासून 60 दिवसांत, म्हणजे 30 मेपर्यंत, वार्षिक निकाल जाहीर करावे लागतात. संचालक मंडळाच्या बैठका, सूचना, कार्यवृत्त, बाजाराला द्यायची माहिती हे सगळं याच दिवसांत घडतं. कंपनी कायदा पुस्तकाबाहेर कसा चालतो हे बघायला याहून चांगला काळ नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: मे कंपनीसाठी राखा आणि कोर्टाचे आठवडे न्यायालय चालू असताना मिळणाऱ्या सुट्टीत बसवा. मे महिन्यासाठीचा अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत गेलेला बरा.

अर्ज कुणाच्या नावाने

‘माननीय व्यवस्थापक’ असं लिहून पाठवलेला अर्ज बहुधा कुणीच उघडत नाही. सूचीबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीत पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी असतोच. 10 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल (भागधारकांनी भरलेली रक्कम) असलेल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीलाही तो नेमावा लागतो. सूचीबद्ध कंपनीच्या वार्षिक अहवालात त्याचं नाव छापलेलं असतं. अर्ज कंपनी सेक्रेटरीच्या किंवा विधी विभागप्रमुखांच्या नावाने करा. गुंतवणूकदारांच्या तक्रारींसाठी दिलेल्या ईमेलवर तो पाठवू नका. सरकारी कंपन्यांत मात्र अर्ज सहसा कॉलेजच्या पत्रासह मनुष्यबळ विभागाकडे जातो.

कागदपत्रं

कॉलेजचं बोनाफाईड आणि प्राचार्यांचं शिफारसपत्र किंवा ना हरकत पत्र आधी मागून ठेवा, सह्यांना वेळ लागतो. सोबत ओळखपत्राची प्रत, आतापर्यंतच्या गुणपत्रिका, आधार, पासपोर्ट फोटो आणि एका पानाचा सीव्ही. त्याला दोन-तीन पानांचा स्वतः लिहिलेला मजकूर जोडा, एखाद्या निकालाचं टिपण किंवा कराराच्या कलमाचा मसुदा. शिफारसपत्र सगळेच लावतात. तुम्हाला लिहिता येतं का, हे मात्र या पानांवरूनच कळतं. अर्जात तारखा, उपलब्ध आठवडे आणि कोणत्या कामात रस आहे हे नेमकं लिहा.

सूचीबद्ध कंपनी पॅन मागते आणि गोपनीयतेच्या करारावर सही घेते. त्यात वावगं काही नाही. अप्रकाशित, किमतीवर परिणाम करणारी माहिती कुणाकुणाला दिली याची पॅनसह नोंद ठेवणं शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या 2015 च्या इनसायडर ट्रेडिंग (आतल्या माहितीवरून शेअर व्यवहार) नियमांनुसार बंधनकारक आहे. अशी माहिती हाती आली की तुम्हीही त्या नियमांच्या कक्षेत येता. त्या कंपनीच्या शेअरचा व्यवहार करायचा नाही, घरीही बोलायचं नाही.

संपताना

लेटरहेडवरचं प्रमाणपत्र शेवटच्या दिवशीच घ्या. त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख, विभाग आणि कामाचं स्वरूप असायला हवं. ‘समाधानकारक काम केले’ एवढ्यावर आठवडे मोजता येत नाहीत.

इंटर्नशिपमधल्या कामाच्या नोंदींच्या डायरीकडे विशेष लक्ष द्या. मूट कोर्ट (सरावाचा खटला) आणि इंटर्नशिपच्या 100 गुणांच्या पेपरात अशिलाच्या मुलाखती, दाव्याची पूर्वतयारी आणि डायरी यांना मिळून 30 गुण आहेत. त्यासाठी दोन मुलाखती आणि दावा दाखल करण्याची प्रक्रिया पाहून नोंदवावी लागते. हे कंपनीत मिळत नाही, वकिलाकडे मिळतं. कंपनीतल्या कामाची नोंद करताना पक्षकारांची नावं, रकमा आणि व्यवहाराचे तपशील गाळा, आणि कॉलेजात जमा करण्याआधी ती पानं तुमच्या वरिष्ठांना दाखवून त्यांची सही घ्या.