टॉवेलच्या कार्डामागचा इतिहास

हॉटेलांना काटकसर सुचली ती निसर्गप्रेमातून नव्हे, बिलातून. १९७३च्या तेलसंकटात इंधन महागलं आणि बॉयलर, वातानुकूलन, लाँड्री या खर्चिक खात्यांकडे नीट लक्ष गेलं. पुढे बाथरूममध्ये ते ओळखीचं कार्ड लागलं: टॉवेल टांगलात तर पुन्हा वापराल असं समजू, खाली टाकलात तर बदलू.

१९८६मध्ये अमेरिकी पर्यावरणवादी जे वेस्टरवेल्ड यांनी याच कार्डावर बोट ठेवलं. बाकी उधळपट्टी जशीच्या तशी, वाचतो तो फक्त धुलाईचा खर्च, आणि वर नाव पृथ्वीचं! ‘ग्रीनवॉशिंग’, म्हणजे पर्यावरणप्रेमाचा नुसता देखावा, हा शब्द तिथून रूढ झाला. टोला वर्मी बसला, पण कार्ड टिकलं.

१९९२मध्ये, रिओ दि जानेरोतल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेच्या वर्षीच, मोठ्या हॉटेल साखळ्यांनी एकत्र येऊन पर्यावरणविषयक संस्था काढली. १९९४मध्ये डेन्मार्कमध्ये ‘ग्रीन की’ हे पर्यावरणपूरक हॉटेलांसाठीचं प्रमाणपत्र सुरू झालं.

कार्डावरचे शब्दही महत्त्वाचे ठरले. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात ‘पर्यावरण वाचवा’ एवढ्यावर सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. ‘बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात’ असं लिहिल्यावर ४४ टक्क्यांनी. मात्र शब्द कितीही नेमके असले तरी बाथरूममध्ये पुरेशा खुंट्या नसतील, तर ओला टॉवेल दारामागे कोंबला जातो, सकाळपर्यंत कुबट होतो आणि शेवटी लाँड्रीतच जातो. टांगलेला टॉवेलही बदलायची सफाई कर्मचाऱ्यांची सवय मोडायला वेगळं सांगावं लागतं, ते बऱ्याचदा राहूनच जातं.

काही काटकसर तर अंगाशी येते. गरम पाण्याचं तापमान उतरवलं की वीज वाचते, पण न्यूमोनियासारखा गंभीर आजार घडवणारा लिजिओनेला जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांत फोफावतो. १९७६मध्ये फिलाडेल्फियातल्या हॉटेलात झालेल्या उद्रेकातूनच तो ओळखला गेला. म्हणून टाकीत पाणी ६० अंशांवर ठेवायचं आणि बचत पाइपांच्या उष्णतारोधक आवरणातून, कमी प्रवाहाच्या शॉवरमधून करायची.

२०१२मध्ये वापरलेल्या प्रत्येक खोलीमागचं कार्बन उत्सर्जन मोजायची सामाईक पद्धत आली, तेव्हा कुठे दोन हॉटेलांची तुलना जमू लागली. २०१९मध्ये कॅलिफोर्नियाने शाम्पूच्या छोट्या बाटल्यांवर बंदीचा कायदा केला. त्यांच्या जागी भिंतीवरचे डिस्पेन्सर येतात. पण रिकामा डबा न धुता वरून भरत राहिलं की आत जंतू वाढतात. सीलबंद, बदलता येणारे डबे त्यापेक्षा बरे.