रस्त्यापासून किती मीटर?

शहराच्या हवेची सरासरी ठीक असली तरी हमरस्त्याला लागून असलेल्या घरांची हवा तशी असेलच असं नाही. हे रहिवाशांना आधीपासून कळत होतं; ते मीटरमध्ये मांडायला बराच काळ गेला.

जपानमध्ये ते कोर्टात मांडलं गेलं. अमागासाकी शहरातल्या रहिवाशांनी रस्त्यावरच्या धुराविरुद्ध केलेल्या खटल्यात ३१ जानेवारी २००० रोजी कोबे जिल्हा न्यायालयाने राष्ट्रीय महामार्ग ४३ पासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांचा दमा आणि गाड्यांचा धूर यांचा संबंध मान्य केला.

मोजमाप झालं लॉस एंजेलिसमध्ये. ४०५ क्रमांकाच्या फ्रीवेलगत, म्हणजे सिग्नल नसलेल्या रुंद हमरस्त्यालगत, सैनिकांचं मोठं कबरस्तान आहे. तिथे धुराचा दुसरा स्रोत नाही आणि वारा समुद्राकडून रस्ता ओलांडून येतो. संशोधक यिफांग झू आणि सहकाऱ्यांनी वाऱ्याच्या दिशेने ३०, ६०, ९०, १५० आणि ३०० मीटरवर कण मोजले. अतिसूक्ष्म (०.१ मायक्रोमीटरहून लहान) कणांची संख्या रस्त्याजवळ प्रचंड होती आणि ३०० मीटरवर ती रस्त्याच्या पलीकडच्या, जिकडून वारा येतो त्या बाजूइतकी उतरली, कारण हवेत ते विरळ होतात, शिवाय एकमेकांना चिकटून मोठे होतात. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. या कणांना वजन जवळजवळ नसतंच. त्यामुळे वजनावर चालणाऱ्या पीएम २.५ च्या (२.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांच्या) आकड्यात ते दिसतच नाहीत, आणि घोळ नेमका इथेच होतो.

कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये कायदा करून वर्दळीच्या रस्त्यांपासून ५०० फुटांच्या, म्हणजे सुमारे १५० मीटरच्या आत नव्या शाळा बांधण्यावर निर्बंध घातले. २००५ मध्ये घरांसाठीही तेवढ्याच अंतराची शिफारस झाली. ती निव्वळ शिफारसच राहिली, ही खेदाची गोष्ट. दोनच वर्षांनी त्याच राज्यातल्या ३,६७७ मुलांचा अभ्यास आला. दहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत त्यांची फुप्फुसं तपासली होती. फ्रीवेपासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्यांची एका सेकंदात श्वास सोडण्याची क्षमता १,५०० मीटरपलीकडच्या मुलांपेक्षा सरासरी ८१ मिलिलिटरने कमी वाढली होती. ही वाढीची वर्षं परत येत नाहीत.

अंतराचा हा हिशेब फक्त दिवसापुरता आहे, हे २००९ मध्ये कळलं. सूर्योदयापूर्वी वारा मंद असतो, थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूर वर जात नाही. लॉस एंजेलिसला लागून असलेल्या सांता मोनिकात तो फ्रीवेपासून दोन किलोमीटरपर्यंत सापडला. पहाटेची हवा शुद्ध म्हणून आपण खिडक्या उघडतो. हमरस्त्याजवळच्या घरात त्या उन्हं चढून वारा सुटल्यावर उघडाव्यात, आणि त्याही रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या.