तुर्की भाषेत म्हणे अपवादच नसतात

"तुर्की व्याकरण म्हणजे निव्वळ गणित, एकही अपवाद नाही!" भाषा शिकणाऱ्यांत हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. बरंचसं खरं आहे. 'एकही' तेवढं खोटं.

एव म्हणजे घर, एविम माझं घर, एविमदे माझ्या घरात. आधी मालकीचा प्रत्यय, मग विभक्तीचा. आपल्या सामान्यरूपाची कटकटही नाही. पण 'त्याचं घर' म्हणजे एवी, त्यापुढे थेट 'दे' लागत नाही. मध्ये न घुसतो: एविनदे. आणि गंमत म्हणजे 'तुझ्या घरात'सुद्धा एविनदेच! घर कुणाचं, ते संदर्भावरून ओळखायचं. तरी हा न नियमातच बसतो.

खरा घोटाळा पाण्यापाशी. स्वरान्त नामाला षष्ठीत न जोडतात: केदी (मांजर), केदिनिन (मांजराचं). मग सु (पाणी) चं 'सुनुन' व्हायला हवं ना? होतं सुयुन. 'माझं पाणी'ही 'सुम' नव्हे, सुयुम. सर्वनामंही तशीच: बेन (मी) आणि सेन (तू) यांची चतुर्थी 'बेने', 'सेने' नव्हे, तर बाना, साना. असे अपवाद मोजकेच, पण पहिल्याच धड्यात भेटणारे.