३९ मिनिटांचं भांडण

संकष्टीला रात्री नऊच्या आसपास आमच्याकडे नागपूरच्या मावशीचा फोन ठरलेला. "आमचा चंद्र दिसला गं, जेवणं उरकली. तुमचं अजून व्हायचंय ना?" इकडे मुंबईत आई गॅलरीत उभी, पोटात कावळे ओरडतायत, आणि कॅलेंडरच्या मागच्या पानावर मुंबईचा चंद्रोदय नागपूरपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं उशिरा. दोघी बहिणींच्या घड्याळात वेळ एकच. चंद्राला ते मान्य नसतं, एवढंच.

हिशेब सोपा आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. मुंबई आहे ७२.८ अंशांवर. मधल्या ९.७ अंशांना चाराने गुणलं की ३९ मिनिटं येतात. म्हणजे आपण मुंबईकर वर्षभर मिर्झापूरच्या सूर्यावर जेवतो आणि झोपतो.

खात्री करायची असेल तर मे महिन्याच्या मध्यावर, शून्य सावलीच्या दिवशी, म्हणजे मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवशी, गच्चीवर जावं. मी एकदा स्टीलची पाण्याची बाटली ठेवून बसलो होतो. घड्याळात बारा वाजले तेव्हा बाटलीची सावली पश्चिमेला चांगली दोन बोटं बाहेर होती. मग ती आत आत सरकत गेली आणि १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास बाटलीखाली गडप झाली. ३९ का नाही? पृथ्वीची कक्षा नेमकी गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे खरी मध्यान्ह वर्षभर मागेपुढे होत राहते. मुंबईत ती फेब्रुवारीत १२:५३ पर्यंत लांबते, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२३ लाच येते. ३९ ही सरासरी.

याच ३९ मिनिटांवरून मुंबईत एकेकाळी खरोखरचं भांडण झालं होतं. शहराची स्वतःची 'मुंबई वेळ' होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर धावायची, ती आणखी अर्धा तास पुढे. लोकांना दोन्ही वेळांची सवय होती. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साडेपाच तासांची प्रमाणवेळ आणली. आता गिरणी कामगाराच्या जागी उभं राहून बघा. नव्या घड्याळात सकाळचे सहा म्हणजे जुन्या घड्याळात ५ वाजून २१ मिनिटं. जानेवारीतली ती वेळ, बाहेर मिट्ट काळोख. कामगार बिथरले. त्यात वंगभंग आणि स्वदेशीचे दिवस, त्यामुळे 'सरकारची वेळ' आणि 'आमची वेळ' असे तट पडायला कितीसा वेळ लागणार! महापालिकेने तर मुंबई वेळ पार १९५० च्या दशकापर्यंत सोडली नाही.

आता एक निव्वळ योगायोग. मंगळावरचा दिवस, म्हणजे 'सोल', २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा असतो. पुन्हा तेच ३९!

मुंबईने हा धक्का एकदाच खाल्ला. कॅलिफोर्नियात पॅसाडेनाजवळच्या नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या लोकांनी तो रोज खाल्ला. २००४ मध्ये स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या त्यांच्या बिनमाणसांच्या बग्ग्या मंगळावर उतरल्या. दोन्ही सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या. दिवसा काम करायचं, दुपारी माहिती पाठवायची, रात्री झोपायचं. त्यांची झोप म्हणजे इकडच्या माणसांची धावपळ, कारण सकाळी त्या जाग्या व्हायच्या आत पुढचा कार्यक्रम तयार हवा. त्यामुळे कामाची पाळी रोज ३९ मिनिटं पुढे सरकायची. आज सकाळी आठला कामावर, तर आठवड्याने दुपारी साडेबाराला, आणि अठरा दिवसांनी रात्री आठला. गाडी मूळपदावर यायला छत्तीस दिवस. त्यातही दोन बग्ग्या मंगळाच्या साधारण विरुद्ध बाजूंना, म्हणजे एकीची सकाळ ती दुसरीची संध्याकाळ.

मग गारो आन्सर्लियन नावाच्या तिथल्या एका घड्याळजीला गाठलं गेलं. 'रोज ३९ मिनिटं मागे पडणारं घड्याळ करून दे.' आयुष्यभर मागे पडणारी घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला हे! त्याने चावीच्या मनगटी घड्याळांत शिशाची इवली वजनं बसवून चाल मंदावली आणि मंगळाची घड्याळं करून दिली. २०१२ मध्ये क्युरिऑसिटी ही पुढची बग्गी उतरली तेव्हा एका फ्लाइट डायरेक्टरचं अख्खं कुटुंब, मुलांसकट, महिनाभर मंगळाच्या वेळेवर राहिलं. आपल्या शरीरातलं घड्याळ मुळात २४ तासांहून थोडं लांब, सरासरी २४ तास ११ मिनिटांचं असतं. त्यामुळे रोज थोडं उशिरा झोपणं एखाद्या घुबडाला मानवतही असेल. सगळ्यांना नाही मानवत.

इथवरचा घोळ सूर्य-चंद्र कुठून कधी दिसतात याचा. निदान सेकंदाची टिकटिक तरी सगळीकडे सारखी असावी? तीही नाही. वेगाने जाणारं घड्याळ मंद चालतं आणि गुरुत्वाकर्षण कमी असेल तिथलं घड्याळ जलद चालतं, हे आइन्स्टाइनचं म्हणणं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने फिरतं. तिथे वेगाचा परिणाम भारी पडतो आणि घड्याळ दिवसाला सुमारे २५ मायक्रोसेकंद (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) मागे पडतं. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला वीसेक दिवस अवकाशात राहून आले. इथे राहिले असते त्यापेक्षा अर्ध्या मिलिसेकंदाने तरुण परतले.

अर्धा मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटत असेल तर खिशातला फोन काढा. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर आहेत. वेगामुळे त्यांची घड्याळं दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात आणि कमी गुरुत्वाकर्षणामुळे ४५ पुढे जातात. निव्वळ ३८ मायक्रोसेकंद पुढे. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो. ही दुरुस्ती केली नाही तर दादरला उतरवायची टॅक्सी दुसऱ्याच दिवशी तुम्हाला भलतीकडे नेऊन सोडेल. घड्याळ हाच या उपग्रहांचा जीव. इस्रोच्या 'नाविक' या जीपीएससारख्या भारतीय मालिकेतल्या पहिल्या उपग्रहाची तिन्ही रुबिडियम अणुघड्याळं बंद पडली आणि एरवी धडधाकट असूनही तो ठिकाण सांगायच्या कामातून बाद झाला.

पुढचा प्रश्न चंद्राचा. तिथे गुरुत्वाकर्षण कमी, त्यामुळे घड्याळ पृथ्वीपेक्षा रोज ५६ ते ५९ मायक्रोसेकंद पुढे जातं. माणसं तिथे मुक्काम करणार, यानं उतरणार, तर चंद्राला स्वतःची वेळ हवी. ती ठरवण्याचं काम अमेरिकेने २०२४ मध्ये नासाकडे सोपवलं. मुंबईचा इतिहास पाहता ती सगळ्यांनी निमूट मान्य केली तर मला आश्चर्य वाटेल.

मावशीला हे सगळं सांगितलं. तिचा प्रश्न वेगळाच होता: "चंद्रावर संकष्टी केली तर उपास कधी सोडायचा?" चंद्रावर चंद्र कुठला उगवणार, तिथे वाट बघायची ती पृथ्वीची. पण चंद्र आपली एकच बाजू कायम पृथ्वीकडे ठेवून फिरतो. त्यामुळे त्याच्या जमिनीवर उभं राहून पाहिलं तर पृथ्वी उगवत नाही आणि मावळतही नाही. आकाशात एकाच जागी, जरा डुलत, टांगलेली असते. पलीकडच्या बाजूला तर दिसतच नाही. मावशी क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "म्हणजे अलीकडच्या बाजूला उपास नाहीच, आणि पलीकडे सुटतच नाही."