बॅटरी पॅकमधील जलप्रवेश (जुन्या विद्युत मोटारी)

विद्युत मोटारीच्या बॅटरी पॅकच्या पेटीत पाणी, बाष्प किंवा शीतक द्रव शिरून निरोधन (विजेची गळती रोखणारा अलगपणा) ढासळणे, जोड गंजणे आणि शेवटी पॅक निकामी होणे, अशी ही बिघाडांची साखळी आहे. प्रस्तुत नोंदीत ‘जुन्या’ गाड्या म्हणजे २००८ मध्ये टेस्ला रोडस्टर ग्राहकांच्या हाती पडू लागल्यापासून साधारण पुढच्या सात-आठ वर्षांतल्या लिथियम-आयन गाड्या धरल्या आहेत. ही सीमारेषा सोयीपुरती आहे. काही लेखक ती पॅकला जलरोधाचे प्रमाणित मानांकन सरसकट मिळू लागण्याच्या काळापर्यंत पुढे नेतात, परंतु तो काळ कंपनीगणिक वेगळा असल्याने त्यातून नेमके वर्ष निघत नाही.

पुरानंतर पेटलेल्या गाड्यांमुळे हा विषय लोकांच्या मनात महापुराशी जोडला गेला आहे. कार्यशाळेत उघडल्या जाणाऱ्या जुन्या पॅकची कहाणी मात्र बहुधा निराळी असते. गाडी कधी बुडालेलीच नसते. कडेचे सील कडक झालेले असते आणि पाणी काही वर्षे थोडेथोडे आत जात राहिलेले असते. या दोन प्रकारांची गल्लत झाल्याने कारणमीमांसेत बराच गोंधळ झालेला दिसतो.

पेटी आणि तिचा श्वास. पॅक म्हणजे गाडीच्या तळाशी बोल्टांनी बसवलेली ॲल्युमिनियमची किंवा पोलादी पेटी. तिचे झाकण गॅस्केट किंवा सीलंटने बंद केलेले असते. तरी विजेच्या जाड केबल, संदेशवहनाचे जोड, शीतकाच्या नळ्या, फ्यूजचे झाकण आणि दुरुस्तीच्या वेळी वीज तोडण्याचा सर्व्हिस प्लग यांसाठी तिला भोके ठेवावीच लागतात. शिवाय पेटी पूर्ण हवाबंद करून चालत नाही, कारण आतली हवा तापते आणि निवते. गरम भाजी भरून घट्ट लावलेले डब्याचे झाकण भाजी गार झाल्यावर उघडता उघडत नाही, तोच हा प्रकार. म्हणून पेटीला हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी पटले किंवा रबरी झडपा बसवतात. चिखलाने त्या बुजल्या की दाबातला फरक सीलवर येतो.

हा फरक किती असू शकतो याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. बंद पेटीतली हवा ४५ अंश सेल्सियसवरून २० अंशांवर आली, तर तिचा दाब तत्त्वतः सुमारे आठ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ ८ किलोपास्कलने घटतो. पाण्याच्या स्तंभात मोजल्यास हे ओढणे ८० सेंटिमीटर भरते. लांबच्या प्रवासाने किंवा जलद चार्जिंगने तापलेली गाडी वीतभर पाण्यात उतरली, की पाण्याची खोली नगण्य असूनही पॅक स्वतःच पाणी ओढून घेऊ शकतो. प्रत्यक्षात सेलांचे वस्तुमान मोठे असल्याने आतली हवा इतक्या झपाट्याने निवत नाही आणि परिणाम सौम्य होतो. पण जुन्या, एका ठिकाणी फट पडलेल्या सीलला तेवढे पुरते.

जाहिरातींत झळकणाऱ्या आयपी ६७ या मानांकनाचा अर्थ याच संदर्भात तपासला पाहिजे. आयईसी ६०५२९ या मानकानुसार पहिला ६ हा आकडा संपूर्ण धूळरोध दाखवतो आणि दुसरा ७ हा एक मीटर पाण्यात तीस मिनिटे तात्पुरते बुडवण्याची चाचणी. मात्र या चाचणीत पाणी आणि उपकरण यांच्या तापमानात पाच अंशांहून जास्त फरक असू नये, अशी अट आहे. तापलेल्या पॅकला थंड पाणी लागल्यावर निर्माण होणारे ओढणे त्यामुळे या परीक्षेत येतच नाही. परीक्षा दिली जाते तीही नव्या नमुन्याने. दहा पावसाळे काढलेल्या गॅस्केटबद्दल मानांकन काही सांगत नाही. विक्रेते सांगतात, ही गोष्ट वेगळी.

पाणी येते कुठून. रस्त्यावरचे तुंबलेले पाणी आणि उच्च दाबाच्या फवाऱ्याने केलेली धुलाई हे ठळक स्रोत. दुसरा स्रोत संघननाचा : दमट हवा झडपेतून आत येते आणि शीतक वाहणाऱ्या थंड पट्ट्यांवर दवासारखी जमते. तिसरा स्रोत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. केबिनच्या एसीचे पाणी ज्या नळीतून खाली टपकते, ती पॅकच्या झाकणावर किंवा त्यातल्या एखाद्या जोडावर रिकामी होत असेल, तर तिथे उन्हाळाभर ओल राहते. टेस्लाच्या २०१२ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील मॉडेल एस गाड्यांबाबत अनेक स्वतंत्र दुरुस्तीकार याच नळीकडे आणि तिच्याजवळच्या फ्यूजच्या झाकणाकडे बोट दाखवतात. इतर काहींचा भर कडेच्या झडपांवर आहे. उघडलेल्या पॅकमध्ये गंज पुढच्या भागात एकवटलेला असेल तर पहिले मत अधिक पटते. तो कडेने पसरलेला असेल तर दुसरे.

चौथा स्रोत पॅकमध्येच असतो. शीतक म्हणून वापरले जाणारे ग्लायकॉल-मिश्रित पाणी वीजवाहक असते. अमेरिकेत मे २०११ मध्ये शेव्हरोले व्होल्ट या मोटारीची खांबावर आडवी धडक देऊन चाचणी घेण्यात आली. नंतर गाडी उलटी-सुलटी फिरवताना शीतक गळून पॅकमधील इलेक्ट्रॉनिक भागांपर्यंत पोहोचला. गाडी पेटली ती तीन आठवड्यांनी, आवारात उभी असताना. या आगीची सरकारी चौकशी जानेवारी २०१२ मध्ये बंद झाली. त्याच महिन्यात जनरल मोटर्सने पॅकभोवतीच्या सांगाड्याला मजबुती देण्याचे आणि शीतकाची पातळी पाहणारा संवेदक बसवण्याचे जाहीर केले. पुढे ह्युंदाई आणि किया यांनी काही गाड्यांसाठी कमी वीजवाहकतेचा निळा शीतक आणला.

आत काय घडते. पॅक थोडा भिजला की सेल लगेच मरत नाहीत. आधी बिघडते ते निरोधन. उच्च विद्युतदाबाचे मंडल गाडीच्या पत्र्यापासून पूर्ण अलग ठेवलेले असते आणि त्यांच्यातला रोध सतत मोजला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आर १०० या विनियमाप्रमाणे एकदिश (डीसी) प्रवाहासाठी तो प्रत्येक व्होल्टमागे किमान १०० ओहम हवा, आणि एकदिश व प्रत्यावर्ती (एसी) मंडले जोडलेली असतील तर सामान्यतः ५०० ओहम. म्हणजे ४०० व्होल्टच्या पॅकसाठी अनुक्रमे ४० हजार आणि २ लाख ओहम. झाकणाखाली साचलेला ओलावा हा आकडा खाली आणतो, कॉन्टॅक्टर (पॅकला गाडीच्या मंडलाशी जोडणारे मोठे स्विच) जोडले जात नाहीत आणि गाडी हलत नाही. सकाळी दवात नाठाळपणा करणारी गाडी दुपारी उन्हात सुरळीत चालते. त्यामुळे ती तपासणीला नेली की दोष सापडत नाही आणि मालकाचा संयम सुटतो.

यानंतरची पायरी क्षरणाची. प्रत्येक सेल-समूहाचा विद्युतदाब मोजण्यासाठी केसासारख्या बारीक तारा नियंत्रण-पाट्यांवर (सर्किट बोर्डांवर) आलेल्या असतात. त्यांच्या टोकांमध्ये कायम विद्युतदाबाचा फरक असतो. गाडी बंद केली तरी तो जात नाही. ओल मिळताच तिथे विद्युत विच्छेदन सुरू होते. तांबे हिरवट पडते, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, आणि पाटीवर धातूचे आयन सरकून शेजारच्या दोन वाटांमध्ये तंतू वाढतात. मग नियंत्रकाला सेलचा विद्युतदाब चुकीचा दिसू लागतो. अशा वेळी ‘बॅटरी गेली’ हे निदान घाईचे ठरते : सेल धडधाकट असतात, बिघडलेले असते ते त्यांचे मोजमाप.

पाणी साचून राहिले तर मात्र सेलही सुटत नाहीत. मॉडेल एसच्या ८५ किलोवॉट-तासाच्या पॅकमध्ये १८६५० आकाराचे ७,१०४ सेल होते : ७४ सेल समांतर जोडलेला एक समूह, आणि असे ९६ समूह एकापुढे एक. या दंडगोल सेलचा संपूर्ण डबा ऋण ध्रुव असतो आणि धन टोपी त्याच्या कडेपासून जेमतेम मिलिमीटरभर दूर. त्या खाचेत थेंब अडकला की सेलमधून वीज झिरपू लागते आणि कडेचे पोलाद गंजते. डब्याला छिद्र पडल्यास आतील लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेटाची पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होते. पॅक उघडणाऱ्याला खरा धोका याचाच. चौऱ्याहत्तरांतल्या एका सेलमधून वीज झिरपू लागली तर त्याचा समूह इतरांच्या मागे पडतो. सगळे समूह एका साखळीत असल्याने पूर्ण पॅकची चार्जिंग-मर्यादा त्या एका समूहावर ठरते.

खारे पाणी आणि आगीच्या उगमाचा वाद. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याची वीजवाहकता नळाच्या पाण्याच्या शंभर पटींपासून पुढे जाते. गोड्या पाण्याच्या पुरापेक्षा किनारी वादळांनंतर आगी जास्त का लागतात, याचे उत्तर इथपर्यंत निर्विवाद आहे. आग नेमकी कुठे सुरू होते, याबद्दल दोन मते आहेत.

२९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी चक्रीवादळाची भरती न्यू जर्सीतील पोर्ट न्यूअर्कमध्ये शिरली आणि तिथे उभ्या असलेल्या १६ फिस्कर कर्मा गाड्या जळाल्या. फिस्करचा निष्कर्ष असा, की समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या एका गाडीच्या वाहन-नियंत्रण एककात क्षारामुळे शॉर्ट झाला, १२ व्होल्टच्या साध्या बॅटरीने त्याला प्रवाह पुरवला आणि वाऱ्याने आग इतर गाड्यांत पसरली. लिथियम पॅकचा उगमाशी संबंध नाही. या मताच्या बाजूने असे म्हणता येते, की उभ्या गाडीत कॉन्टॅक्टर उघडे असल्याने पॅक बाहेरच्या मंडलापासून तुटलेला असतो, १२ व्होल्टचे मंडल मात्र जागे असते.

दुसऱ्या मताप्रमाणे कॉन्टॅक्टरचा मुद्दा अर्धाच आहे. ते पॅकची बाहेरची टोके तोडतात. पेटीच्या आत शेकडो व्होल्ट तसेच असतात आणि खारे पाणी आत शिरले की मधे प्रवाह तोडणारा कोणताही स्विच उरत नाही. विच्छेदनाने हायड्रोजन सुटतो. पाणी ओसरल्यावर राहिलेला क्षाराचा थर हवेतली ओल शोषून घेतो आणि वीज वाहत ठेवतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इयन चक्रीवादळ नैऋत्य फ्लोरिडावर आदळल्यानंतर काही विद्युत मोटारी दिवसांनी, तर काही आठवड्यांनी पेटल्या. विझवलेल्या काही पुन्हा पेटल्या. राज्याचे अग्निशमन प्रमुख जिमी पॅट्रोनिस यांनी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाला पत्र लिहून मार्गदर्शन मागितले. बुडालेली गाडी इमारती आणि इतर वाहनांपासून ५० फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर, दूर ठेवावी असा सल्ला दिला जातो. बाधित गाड्यांच्या मानाने पेटलेल्या गाड्या थोड्याच होत्या, हेही नोंदवायला हवे.

कर्माबाबतचा निष्कर्ष त्या घटनेपुरता ग्राह्य धरायला हरकत नाही. तिच्यात ए१२३ कंपनीचे लोह-फॉस्फेट जातीचे, तुलनेने शांत स्वभावाचे सेल होते. निकेलयुक्त सेलांच्या गाड्यांना तोच निष्कर्ष जसाच्या तसा लावणे मात्र कठीण आहे. विझवल्यावर पुन्हा पेट घेणे हे १२ व्होल्टच्या शॉर्टपेक्षा पॅकमधल्या उगमाशी अधिक जुळते.

इतर कारणांपासून वेगळेपण. जुना पॅक बिघडला की पाण्यालाच दोष द्यावा असे नाही. २०१२ मध्ये ॲरिझोनातील निस्सान लीफ गाड्यांची क्षमता घटली ती उष्णतेने. त्या पॅकला शीतकच नव्हता. शेव्हरोले बोल्ट गाड्या २०२१ मध्ये परत मागवण्यामागे सेलच्या निर्मितीतले दोष होते. क्षमता सर्व समूहांत सारखी घटली असेल तर ते वार्धक्य. एकाच कोपऱ्यातले समूह मागे पडले असतील आणि निरोधनाचा दोष हवामानाप्रमाणे ये-जा करत असेल, तर पाण्याचा संशय बळावतो.

दुरुस्ती. गोडे पाणी वेळीच आढळले तर पॅक उघडून, पाट्या विआयनीकृत पाण्याने व नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, गंजलेले जोड बदलून भागते. खाऱ्या पाण्यानंतर नुसते वाळवणे निरुपयोगी, कारण क्षार जागीच राहतो. असा पॅक सहसा भंगारात काढतात. एखादे मॉड्यूल (सेलांचा एकत्र बांधलेला गठ्ठा) बदलताना नव्या-जुन्याची क्षमता जुळवावी लागते, नाहीतर असमतोल पुन्हा डोके वर काढतो. झाकण बंद केल्यावर पेटीत किंचित दाबाची हवा भरून दाब उतरतो का ते पाहतात आणि गळती साबणाच्या फेसाने शोधतात. ही शेवटची पायरी गाळलेली दुरुस्ती फार तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकते.

भारत. बंगळुरूत तयार होऊन २००१ मध्ये बाजारात आलेल्या रेवा या विद्युत मोटारीत ६ व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या होत्या. तिथे काळजी उलट होती : बॅटरीतले ऊर्ध्वपातित पाणी कमी पडू नये याची. महिंद्राची २०१३ मधील ई२ओ लिथियमवर आली, पण ४८ व्होल्टवर. आर १०० मध्ये उच्च विद्युतदाबाची सीमा एकदिश प्रवाहासाठी ६० व्होल्ट असल्याने तिला वर वर्णन केलेले निरोधनाचे नियम लागू होण्याचे कारण नव्हते. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीचा ३०.२ किलोवॉट-तासाचा पॅक आयपी ६७ मानांकनाचा होता आणि त्यावर आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी होती. यातल्या पहिल्या हमी २०२८ मध्ये संपतात. मोटारींच्या पॅकसाठीचे एआयएस-०३८ हे मानक पुण्याच्या एआरएआय या मोटार-संशोधन संस्थेकडून प्रसिद्ध होते.

सर्वंकष मोटार विम्यात पुराचे नुकसान येते, झीज येत नाही. अनेक विमा कंपन्या बॅटरीसाठी जादा हप्त्याचे वेगळे संरक्षणही विकतात. हळूहळू झालेला जलप्रवेश पूर आणि झीज या दोहोंच्या सीमेवर पडतो. दावा उभा राहिल्यास सर्वेक्षक गंजाची खोली आणि गाळाची रेघ पाहून पाणी एकदम आले की वर्षानुवर्षे झिरपले, हे ठरवतो.