अतिविशाल प्रवासी विमानांच्या जागेसाठीची स्पर्धा

चारशे किंवा त्याहून अधिक प्रवाशांना एका दमात महासागरापार नेणाऱ्या विमानांचा वारस कोण बनवणार, यावरून अमेरिकेची बोईंग आणि युरोपची एअरबस या कंपन्यांत सुमारे १९९० पासून चाललेली चढाओढ. तिच्या केंद्रस्थानी बोईंग ७४७ हे ‘जंबो जेट’ होते. त्याला मागे टाकण्यासाठी एअरबसने ए-३८० हे पूर्ण दुमजली विमान बांधले. आकारात ए-३८० सरस ठरले, पण या दोन्ही विमानांची जागा अखेर त्यांच्याहून लहान, दोन इंजिनांच्या विमानांनी घेतली. त्यामुळे या स्पर्धेचा इतिहास मोठ्या विमानांचा जितका आहे, तितकाच इंजिनांच्या प्रगतीचा आहे.

७४७ चा जन्म पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीच्या आग्रहातून झाला. तिचे प्रमुख ह्वान ट्रिप यांनी एप्रिल १९६६ मध्ये २५ विमानांची मागणी नोंदवली आणि जो सटर यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी ९ फेब्रुवारी १९६९ रोजी पहिले विमान उडवून दाखवले. २२ जानेवारी १९७० पासून न्यूयॉर्क–लंडन मार्गावर प्रवासी सेवा सुरू झाली. त्या काळी प्रवासी लवकरच ध्वनीहून वेगवान विमानांकडे वळतील, असे मानले जात होते. तसे झाल्यास ७४७ ला मालवाहू म्हणून उपयोग राहावा यासाठी वैमानिकांचा कक्ष वर उचलला गेला, म्हणजे नाकाचा भाग उघडून लांबलचक सामान थेट आत सरकवता येईल. विमानाचा ओळखीचा उंचवटा असा आला. प्रवासी आवृत्तीची मागणी आटल्यावरही ७४७ पुढे अनेक वर्षे तगले, ते याच दूरदृष्टीमुळे.

एअर इंडियाचे पहिले ७४७, ‘एम्परर अशोक’, एप्रिल १९७१ मध्ये मुंबईत उतरले. १ जानेवारी १९७८ रोजी तेच विमान सांताक्रूझहून उड्डाण केल्यावर काही क्षणांतच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २१३ जण मृत्यू पावले. मुंबईकरांच्या एका पिढीच्या मनात ‘जंबो’ हे नाव अभिमान आणि शोक, दोन्हींशी जोडले गेले आहे.

सुमारे दोन दशके ७४७ ला त्याच्या आकाराचा प्रतिस्पर्धीच नव्हता. या वर्गात बोईंगला हवी ती किंमत लावता येते आणि त्या नफ्याच्या जोरावर ती लहान विमाने स्वस्तात विकते, अशी एअरबसची तक्रार होती. ७४७ ला पर्याय उभा करण्यामागे हे मोठे कारण होते. १९९२ मध्ये मॅकडोनेल डग्लस या तिसऱ्या कंपनीने एमडी-१२ या चार इंजिनांच्या दुमजली विमानाचा आराखडा मांडला. त्याला एकही ग्राहक मिळाला नाही, आणि १९९७ मध्ये ती कंपनीच बोईंगमध्ये विलीन झाली. दरम्यान जानेवारी १९९३ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. बोईंग आणि एअरबसच्या भागीदार कंपन्या एकत्र बसून अतिविशाल विमानाचा संयुक्त अभ्यास करू लागल्या. बाजार एकाच विमानापुरता आहे, तर दोघांनी वेगवेगळा खर्च का करावा, हा त्यामागचा विचार होता. जुलै १९९५ मध्ये हा अभ्यास गुंडाळला गेला. एअरबसला वेळ काढायला लावणे हाच बोईंगचा हेतू होता, असा संशय युरोपात उघडपणे व्यक्त झाला. मात्र एअरबसनेही १९९४ मध्येच ए-३एक्सएक्स (म्हणजे पुढचे ए-३८०) या स्वतंत्र प्रकल्पाची घोषणा करून ठेवली होती.

यानंतर दोन्ही कंपन्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. एअरबसचे म्हणणे असे की जगाची प्रवासी वाहतूक लंडन, सिंगापूर, दुबई, टोकियो अशा मोजक्या महाविमानतळांमधून होते. तिथे धावपट्ट्या वाढवता येत नाहीत, म्हणून प्रत्येक उड्डाणात अधिक माणसे बसवणे हाच उपाय. लंडनच्या हीथ्रोवर वर्षाला ४,८०,००० उड्डाणे आणि उतरणी एवढीच मर्यादा आहे, त्यामुळे हा युक्तिवाद पोकळ नव्हता. बोईंगचे म्हणणे असे की मधल्या विमानतळावर बदली करणे कोणाला आवडत नाही. विमान लहान आणि लांब पल्ल्याचे असेल तर दुसऱ्या क्रमांकाची शहरेही एकमेकांशी थेट जोडता येतील. अतिविशाल विमानांना पुढील वीस वर्षांत किती मागणी येईल, याचे दोघांचे अंदाज कित्येक पटींनी वेगळे होते. तरीही बोईंग आपल्या सिद्धांतावर ठाम होती असे म्हणणे बरोबर होणार नाही. १९९६ मध्ये तिने ७४७-५००एक्स आणि ६००एक्स या लांबवलेल्या आवृत्त्या जाहीर केल्या आणि काही महिन्यांतच मागे घेतल्या. २००१ मध्ये ध्वनीच्या वेगाजवळ उडणाऱ्या ‘सोनिक क्रूझर’चा प्रस्ताव आला, तोही २००२ च्या अखेरीस सोडून दिला गेला. त्यातील संशोधनाचा उपयोग करून पुढे कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थांचे ७८७ हे विमान साकारले.

१९ डिसेंबर २००० रोजी एअरबसने ए-३८० बांधण्याचा औपचारिक निर्णय घेतला. विमानाची लांबी आणि पंखविस्तार ८० मीटर लांबी-रुंदीच्या चौकटीत बसले पाहिजेत, असे विमानतळांचे बंधन होते. एअरबसने पंखविस्तार ७९.८ मीटर ठेवला. पुढे ए-३८०-९०० ही अधिक लांब आवृत्ती काढायची, असे ठरवून पंख सुरुवातीपासूनच तिच्या वजनाला पुरतील एवढे मोठे केले. ती आवृत्ती कधीच आली नाही. बांधल्या गेलेल्या ए-३८०-८०० ला मात्र आयुष्यभर गरजेपेक्षा मोठे आणि जड पंख वाहावे लागले. माझ्या मते त्याच्या अपयशाचे सर्वांत मोठे तांत्रिक कारण हेच आहे, आणि ते उत्पादनातील गोंधळाइतके चर्चिले जात नाही.

तो गोंधळही लहान नव्हता. प्रत्येक विमानात शेकडो किलोमीटर विद्युत तारा होत्या. जर्मनीतील हँबुर्ग आणि फ्रान्समधील तुलूझ येथील अभियंते आरेखनाच्या एकाच संगणकप्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. हँबुर्गहून आलेले तारांचे जुडगे तुलूझमध्ये जोडायला घेतले, तेव्हा ते आखूड पडले. विमाने सुमारे दोन वर्षे रखडली आणि २००६ मध्ये एअरबसच्या प्रमुखपदावरून पाठोपाठ दोघांना जावे लागले. फेडेक्स आणि यूपीएस या कंपन्यांनी मालवाहू ए-३८० ची मागणी रद्द केली. ती आवृत्ती कायमची बारगळली आणि मालवाहतुकीचे क्षेत्र ७४७ लाच मोकळे राहिले. अखेर २५ ऑक्टोबर २००७ रोजी सिंगापूर एअरलाइन्सने सिंगापूर–सिडनी मार्गावर पहिले प्रवासी उड्डाण केले. शांत आणि ऐसपैस असल्यामुळे प्रवाशांना हे विमान मनापासून आवडले. पण ऑर्डर देण्याआधी विमान कंपनीला आणखी एक हिशेब करावा लागे: गर्दीच्या दिवसांत जागा भरतील, पण एरवी पाचशे आसने कशी भरायची?

हा हिशेब बदलला तो इंजिनांनी. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानाला जवळच्या विमानतळापासून फार दूर जाण्याची मुभा नव्हती, कारण एक इंजिन बंद पडले तर दुसऱ्याच्या भरवशावर किती वेळ उडता येईल, याची खात्री नव्हती. १९८५ पासून ही मर्यादा १२० मिनिटांपर्यंत वाढली आणि १९९५ मध्ये सेवेत आलेल्या बोईंग ७७७ ला १८० मिनिटांची परवानगी मिळाली. चार इंजिनांची गरज संपल्याची ती खूण होती. २००४ मध्ये आलेल्या ७७७-३००ईआर या आवृत्तीची तर आठशेहून अधिक विमाने विकली गेली. जुन्या ७४७ ला आणि एअरबसच्याच चार इंजिनांच्या ए-३४० ला तिने बाजूला सारले. दुसरीकडे, ए-३८० ची इंजिने ७८७ साठी तयार झालेल्या नव्या पिढीच्या थोडी आधीची होती. म्हणजे ज्या वर्षांत ते विक्रीला आले, त्याच वर्षांत कमी इंधन पिणारी इंजिने लहान विमानांवर बसू लागली. २००५ मध्ये बोईंगने त्याच नव्या तंत्राची इंजिने असलेल्या ७४७-८ ची घोषणा केली, पण त्याची प्रवासी आवृत्ती विमान कंपन्यांपैकी केवळ लुफ्थान्सा, कोरियन एअर आणि एअर चायना यांनी घेतली.

ए-३८० चा खरा आधार दुबईची एमिरेट्स ही विमान कंपनी होती. एकूण २५१ विमानांपैकी १२३ तिने घेतली. दुबईचे भौगोलिक स्थान आणि तिथला प्रचंड विमानतळ यांमुळे महाविमानतळाचा सिद्धांत तिथे तंतोतंत लागू पडला. इतर फार थोड्या ठिकाणी तो तसा पडला. एमिरेट्सने उरलेली मागणी कमी केली, तेव्हा फेब्रुवारी २०१९ मध्ये एअरबसने उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. शेवटचे विमान डिसेंबर २०२१ मध्ये दिले गेले. शेवटचे ७४७, १,५७४ वे, जानेवारी २०२३ मध्ये अ‍ॅटलास एअरला मिळाले. ते मालवाहू होते.

भारतात किंगफिशरने २००५ मध्ये पाच ए-३८० मागवली होती, पण एकही ताब्यात आले नाही. परदेशी कंपन्यांच्या ए-३८० ला सरकारने २०१४ मध्ये मुंबई, दिल्ली, हैदराबाद आणि बंगळूर येथे परवानगी दिली. त्याच वर्षी सिंगापूर एअरलाइन्स आणि एमिरेट्स यांची ही विमाने मुंबईला येऊ लागली. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे उड्डाणांच्या वेळा दुर्मीळ असतात. मोठे विमान वापरायला याहून योग्य जागा शोधून सापडणार नाही. परंतु भारत आणि दुबई यांच्यातील करारात उड्डाणांची नव्हे, तर आठवड्याच्या आसनांची संख्या ठरलेली असते. ती सुमारे ६६ हजार आहे. मोठे विमान आणले की हा कोटा तितकाच लवकर संपतो. त्यामुळे बाजार तयार असूनही मुंबईत या आकाराचा पुरेपूर लाभ घेता आला नाही.

सध्या या वर्गातील चुरस एअरबस ए-३५०-१००० आणि बोईंग ७७७-९ यांच्यात आहे. दोन्हींना दोनच इंजिने. पहिले २०१८ पासून सेवेत आहे. दुसऱ्याची क्षमता बोईंगच्या मते सुमारे ४२६ प्रवाशांची, म्हणजे जुन्या ७४७ च्या जवळपास आहे. त्याच्या पंखांची टोके जमिनीवर घडी होतात: हवेत ७१.८ मीटर असलेला पंखविस्तार उतरल्यावर ६४.८ मीटर होतो आणि विमान पूर्वीच्याच ६५ मीटरच्या थांब्यांवर मावते. विमानतळांना नवी बांधणी करायला लावणाऱ्या ए-३८० चा धडा बोईंगने इथे नीट घेतलेला दिसतो. मात्र जानेवारी २०२० मध्ये पहिले उड्डाण होऊनही ते प्रमाणपत्राच्या प्रक्रियेत अडकले. मूळ बेतानुसार २०२० मध्ये मिळायची विमाने आता २०२७ मध्ये देण्याचे बोईंगने जाहीर केले आहे. तोवर ज्या विमान कंपन्यांनी महामारीच्या काळात ए-३८० वाळवंटात उभी करून ठेवली होती, त्यांतील अनेकींनी ती पुन्हा सेवेत आणली आहेत.