असेंब्लीतलं समीकरण आणि मापाची मालकी

कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर यंत्राच्या भागांचं मॉडेल करताना, हे उदाहरण घ्या. हाउसिंगमध्ये (बाहेरच्या कवचात) ६२०५ क्रमांकाचं बेअरिंग बसतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी २५ × ५२ × १५ मिमी. बोअर (बेअरिंगचं भोक) १८ खोल, बेअरिंगसमोर ०.२ ची फट हवी, म्हणजे कव्हरचा स्पिगॉट (बोअरमध्ये शिरणारा उंचवटा) १८ − १५ − ०.२ = २.८ मिमी. बोअरची खोली बदलली की हे गणित पुन्हा करायचं आणि दुसऱ्या फाइलमध्ये जाऊन माप सुधारायचं. ते विसरलं की मॉडेल चुकलं. हे विसरणं टाळायला समीकरण आलं: एक माप दुसऱ्यावरून आपोआप काढणारं सूत्र.

मूळ कल्पना १९६३ ची. इव्हान सदरलँड यांनी एमआयटीच्या पीएच.डी.साठी टीएक्स-२ संगणकावर स्केचपॅड लिहिलं. त्यात रेषांवर बंधनं घालता येत, आणि मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या प्रती बदलत. बंधनाला दिशा नव्हती. दोन रेषा समांतर म्हटल्या की कोणतीही हलवा, दुसरी जुळवून घेई.

समीकरणाला मात्र दिशा असते, आणि असेंब्लीतल्या (सगळे भाग जोडलेल्या मॉडेलमधल्या) बहुतेक अडचणी तिथूनच निघतात. सॅम्युअल गाइसबर्ग यांनी १९८५ मध्ये पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजी कॉर्पोरेशन काढली. तिच्या प्रो-इंजिनिअर या कॅड सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मापाला डी४, डी७ अशी नावं आणि त्यांच्यावर ‘रिलेशन’ लिहायची सोय होती. असेंब्लीत नावापुढे अपूर्णविराम (:) आणि भागाचा क्रमांक लागतो: डी४:२ = डी७:१ − १५.२. डावीकडचं माप हाताने बदलता येत नाही, ते उजवीकडच्या तालावर चालतं. १९९५ च्या सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये क्रमांकाऐवजी वाचता येणारं नाव आलं: माप@स्केच@पार्ट. वाचायला सोपं, पण नावावरच सगळं टांगलेलं. पार्टची (एकेका भागाची) फाइल सॉलिडवर्क्सबाहेर, फोल्डरमध्ये नाव बदलून ठेवली की असेंब्लीला ती सापडत नाही आणि समीकरण मोडतं.

खरा फटका वेगळाच. समीकरण असेंब्लीच्या फाइलमध्ये राहतं, माप मात्र पार्टच्या फाइलमध्ये. तेच कव्हर दोन गिअरबॉक्सना वापरलं, एकाचा बोअर १८ आणि दुसऱ्याचा २०, तर एक असेंब्ली स्पिगॉट २.८ करते, दुसरी ४.८. जी शेवटी सेव्ह झाली तिचं माप पार्टमध्ये राहतं. ड्रॉइंगवर ४.८ छापून गेलं तर १८ च्या हाउसिंगमध्ये, ३ मिमीच्या जागेत, स्पिगॉट बेअरिंगला टेकतो आणि फ्लँज (कव्हरची कड) १.८ मिमी वरच राहते. स्क्रीनवर एकही एरर नसते.

म्हणून मापाची मालकी असेंब्लीकडून काढून घेण्याकडे कल झाला. प्रो-इंजिनिअरमध्ये मुख्य मापं एका जागी ठेवणारे लेआउट आणि स्केलेटन आले. १९९९ च्या इन्व्हेंटर या सॉफ्टवेअरमध्ये पॅरामीटर (नाव दिलेली मापं) एक्सेल शीटला जोडता येतात. सॉलिडवर्क्समध्ये आमच्या मते सर्वांत भरवशाची रीत अशी: ‘इक्वेशन्स’मध्ये बोअर_खोली, बेअरिंग_रुंदी, फट असे ग्लोबल व्हेरिएबल (नाव दिलेल्या सामाईक किमती) लिहा, ते टेक्स्ट फाइलमध्ये एक्सपोर्ट करा, मग हाउसिंग आणि कव्हर दोन्हींत ती फाइल ‘लिंक टू फाइल’वर खूण करून इंपोर्ट करा. कव्हरचं समीकरण आता कव्हरमध्येच राहतं, असेंब्ली उघडावी लागत नाही. दोन गिअरबॉक्स असतील तर दोन टेक्स्ट फाइल आणि कव्हरचे दोन वेगळे पार्ट नंबर. टेक्स्ट फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा आणि पॅक अँड गो (सगळ्या फाइल एकत्र बांधून देण्याची सोय) करताना ती सोबत गेली का ते तपासा. ती मागे राहिली की पुढच्याकडे लिंक तुटलेली मिळते.